सलाईन बंद होईल हो, पण बीपी कोण मोजणार?

वर्धेकर : कालच्या पोस्टमधला तोडगा असा : गावातल्या खासगी डॉक्टरची दर तपासणीची फी बंद करा, माणशी वर्षाची ठराविक रक्कम द्या, बीपी-शुगर आटोक्यात आली की वर बोनस. म्हणे विनाकारण लावली जाणारी सलाईन थांबेल. थांबेल, मान्य. पण रक्कम सगळ्यांना सारखी असेल तर सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, घर यादीत घेणार कोण? त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया औषधावर असलेल्या पोराची सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पुन्हा पुन्हा करावी लागते, कळा आल्या की कधी कधी सलाईन खरोखरच लागते. आजार पाहून रक्कम वाढवाल, तर कागदावर अख्खं गाव आजारी पडेल. अमेरिकेत ज्येष्ठांचा सरकारी विमा खासगी कंपन्यांमार्फत देणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये जादा निदानं लावायचा उद्योग त्यातूनच फोफावला.

दारव्हा रोड : मंग आताची फी काय देवानं ठरवली हाय का, भाऊ? सुई टोचल्याशिवाय पेशंट पैसे काढत नाही, म्हणून अंगदुखीला डायक्लो हे पेनकिलर अन् डेक्सा. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, शुगरवाल्याची शुगर अजून चढते. खर्रा (तंबाखू-सुपारी) सोड म्हणून दहा मिनिटं समजावलं, त्याचे पैसे शून्य!

आरोग्यसेविका ताई : खर्र्याचं काढलंच तर ऐका. तोंडात खर्रा ठेवून बीपी घेतलं की आकडा चढतो. अर्धा तास आधी खर्रा नको, चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभरानं दुसरं रीडिंग. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा जास्त येतो, काडीसारख्या दंडाला मोठा लावला तर कमी. एकाच मापाच्या पट्ट्यावर बोनस वाटणार काय?

दारव्हा रोड : ताई, विषय पगाराचा हाय, पट्ट्याचा नाही!

आरोग्यसेविका ताई : पट्ट्याचाच आहे. १४०/९० च्या खाली पैसे ठेवले की रजिस्टरात रांगेनं १३८/८८ उमटतात. सीएचओंचा, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा, पगाराचा आराखडा पाहा : २५ हजार ठरलेले, १५ हजारांपर्यंत कामगिरीवर. गोळ्यांचा साठा वरून आला नाही तरी आकडा सीएचओनंच गाठायचा.

मेळघाट लाईन : दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामाला बाहेर पडतात, ती होळीला परततात. त्या महिन्यांत बीपीचा पेशंट आलाच नाही, तर तो नापास की डॉक्टर? इंग्लंडनं २००४ मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या पैशाला असेच कामगिरीचे गुण लावले, तेव्हा काही पेशंट हिशोबातून वगळायची सोय ठेवावी लागली. इथं ती सोय दिली की पहिले हेच वगळले जातील.

दारव्हा रोड : बरं बाबा, जिंकले तुम्ही! बोनस नको. नुसती माणशी रक्कम द्या, स्थलांतरिताला निघताना होळीपर्यंत पुरेल इतकी बीपीची गोळी, अम्लोडिपिन, हातात द्या. आता तरी चालते?

वर्धेकर : चालते. फक्त बोनस नसताना डॉक्टर दुपारी दवाखाना उघडा ठेवील, याची हमी तुम्ही घ्या.

आरोग्यसेविका ताई : आणि पट्टे तीन मापांचे.