जपानमधील प्राथमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला आकाशकंदील : मार्गदर्शन हवे

प्रश्न : डोंगरवाट

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेल्या एप्रिलपासून जपानच्या नागानो प्रांतातील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून काम करते आहे. 2020 पासून येथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, तर तिसरी-चौथीला परकीय भाषेचे उपक्रम म्हणून वर्षाला 35 तासिका मिळतात. तासिका 45 मिनिटांची असते आणि वर्गशिक्षिका सोबत असतात.

ऑक्टोबर उजाडला की आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला हॅलोवीनचे भोपळे आणि वटवाघळे कापण्याचा रिवाज आहे. यंदा मात्र वर्गशिक्षिकांनी "तुमच्याकडे या दिवसांत काय असते?" असे आपणहून विचारले आणि मी उत्साहाच्या भरात चौथीच्या 31 मुलांकडून आकाशकंदील करून घेण्याचे कबूल करून बसले. रंगीत कागद मधोमध दुमडायचा, समोरच्या कडेला दोन बोटांचा काठ राखून घडीच्या बाजूने काप द्यायचे आणि उलगडून त्याची नळी करायची, एवढाच माझा बेत आहे.

अडचण अशी की जुलैमध्ये तानाबाता या ताऱ्यांच्या जपानी सणाच्या वेळी मी मुलांकडून इच्छा लिहिण्याच्या रंगीत पट्ट्या करून घेतल्या, तेव्हा तासभर मी एकटीच इंग्रजी बोलत होते आणि मुले मान खाली घालून सुरेख काम करत होती. कागदकामात इंग्रजी नेमके आणावे कोठे? शिवाय येथे कामट्या आणि पतंगाचा कागद कोठून आणावा? दिवाळी हा धार्मिक सण असल्याने कोणाची हरकत येईल का, हेही कळत नाही.

प्रतिसाद 1 : चहाचा मळा

ताई, मी शिझुओका प्रांतात सहा वर्षे हेच काम केले, तेव्हा पहिल्या वर्षीची माझी चूक आधी सांगतो. नाताळच्या शुभेच्छापत्रांसाठी मी आदल्या रात्री जागून प्रत्येक मुलाचे वेगळे पाकीट तयार केले होते. त्यात कापलेले आकार, चिकटपट्टी, चमकीचा कागद, सगळे होते. मुलांना मागण्यासारखे काही उरलेच नाही, त्यामुळे त्यांनी बोलावे तरी कशासाठी? तासाच्या शेवटी एका मुलाने कार्ड उंच धरून "फिनिश!" म्हटले, तेवढेच त्या दिवशीचे इंग्रजी.

पुढच्या वर्षी मी साहित्य मुलांच्या बाकांवर ठेवलेच नाही. वर्गाच्या कडेला चार दुकाने मांडली, प्रत्येक दुकानात दोन मुले विक्रेते म्हणून बसवली आणि दहा मिनिटांनी पाळी बदलली. "व्हॉट डू यू वाँट?", "टू रेड स्ट्रिप्स, प्लीज", "हिअर यू आर", एवढ्या तीन वाक्यांवर सगळा व्यवहार चालला. आपल्या मुलांनी तिसरीत 'लेट्स ट्राय' या पुस्तकातील शुभेच्छापत्राच्या पाठात आकार मागण्याची हीच वाक्ये केलेली असतात, त्यामुळे ती नव्याने शिकवण्यात वेळ जाणार नाही. एका खेपेस एकाच प्रकारची वस्तू मिळेल असा नियम मात्र कटाक्षाने पाळा, नाहीतर हुशार मुले एकदाच सगळे घेऊन मोकळी होतात. रंगांची नावे मुलांना येतात, पण ती जपानी वळणाने, 'ओरेन्जी' आणि 'पिंकु' अशी. तेथे अडवून उच्चार सुधारण्यापेक्षा विक्रेत्याला कळेपर्यंत त्यांना पुन्हा म्हणू द्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपण ज्या कंदिलाचे वर्णन केले आहे, तो त्या मुलांना बालवाडीपासून येतो! तानाबाताच्या बांबूवर टांगायचे कागदी दिवे ती अगदी याच घडीने आणि याच कापांनी करतात. आपण प्रात्यक्षिक संपवाल तोवर त्यांचे तयार झालेले असतील.

प्रतिसाद 2 : निवृत्त_चित्रकला

मी परदेशात शिकवलेले नाही, परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील शाळेत तीस वर्षे मुलांकडून कंदील करून घेतले आहेत. नळीचा कंदील मुलांना येत असेल, तर आपली चांदणी करा. कामट्यांऐवजी तेथील लाकडी चॉपस्टिक चालतील. पाच काड्यांची एक चांदणी, टोकांना रबरबँड. अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके बांधायची आणि आतल्या बाजूला काड्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे बोटभर लांबीचे पाच ठेपे बसवायचे, म्हणजे पोट फुगते. टोके आवळून बांधण्यापूर्वी ठेपे बसवू नका, सगळा सांगाडा निसटतो.

वर्गाचे सहा गट करा. प्रत्येक मुलाने एकाच टोकावर कागद चढवावा आणि मधला पंचकोन उघडा ठेवावा, म्हणजे पाच मुलांची पाच टोके होतात आणि भांडणे टळतात. सहा जणांच्या गटातील सहाव्याकडे झिरमिळ्या द्याव्यात. प्रत्येकाने आपल्या टोकाचा रंग दुकानातून मागून आणला, तर वरील सूचनेशी हे आपोआप जुळेल.

प्रतिसाद 3 : सेंदाईकर

पतंगाच्या कागदाला पर्याय म्हणून 'ओहानागामी' मागा. शाळेच्या समारंभांतील कागदी फुले ज्या पातळ कागदाची करतात, तोच हा. शंभर येनच्या दुकानात मिळतो. मुलांच्या साहित्यपेटीत स्टार्चची गोंदडबी बहुधा असते आणि ती बोटाने लावायची असते. आपल्या खळीचीच ती धाकटी बहीण, फक्त ओला कागद ओढला की फाटतो, हे आधी बजावावे. पणत्या पेटवण्याचा विचार सोडून द्यावा; बॅटरीचे छोटे दिवे पुरेसे आहेत.

धर्माविषयी : जपानच्या राज्यघटनेच्या 20व्या कलमानुसार शासकीय संस्थांना धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे पूजा, आरती, देवदेवतांची चित्रे टाळून घर, दिवे आणि फराळ यांपुरते बोलावे व पाठाचा आराखडा वर्गशिक्षिकांना आधी दाखवावा. झिरमिळ्यांची ओळख करून देण्यास आमच्या गावाचा उपयोग होईल. सेंदाईच्या तानाबातात, जो आमच्याकडे जुलैऐवजी 6 ते 8 ऑगस्टला होतो, मोठ्या कागदी गोळ्यांखाली लांबच लांब पट्ट्या सोडतात; त्यांना फुकिनागाशी म्हणतात आणि त्या तानाबाताच्या कथेतील विणकर राजकन्या ओरिहिमेचे धागे मानल्या जातात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आमच्या चाळीचा जिनाच आठवला.

डोंगरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री घरी एक चांदणी बांधून पाहिली. गुरुजींनी बजावूनही मी ठेपे आधी बसवले आणि दोनदा सांगाडा उसवला, त्यात 25 मिनिटे गेली. म्हणून सहाही सांगाडे मीच बांधून नेईन आणि 45 मिनिटे दुकाने व कागद यांनाच देईन. वर्गशिक्षिकांना आराखडा दाखवला, त्यांची हरकत नाही. उलट एका दुकानात विक्रेती म्हणून बसण्याची त्यांचीच इच्छा आहे. मुलांसमोर इंग्रजी बोलायला त्या संकोचतात, म्हणून त्यांना जांभळ्या कागदाचे दुकान द्यायचे ठरले आहे. त्या रंगाला गिऱ्हाईक कमी, असा त्यांचा अंदाज आहे.