खत शेतात, बिल शहरात

वर एकांनी लिहिलंय की तळ्यात शेवाळ माजलं तर नुकसान फार तर मासेमारांचं आणि सहलीवाल्यांचं. टोलेडोकरांना विचारा!

अमेरिकेतल्या ओहायोमधलं हे शहर ईरी सरोवराचं पाणी पितं. २ ऑगस्ट २०१४ ला पहाटे सूचना निघाली, नळाचं पाणी पिऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळातलं मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष त्यात सापडलं होतं. उकळूनही उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं. चार लाखांवर लोक जवळजवळ तीन दिवस बाटल्यांवर.

पण ते तीन दिवस किरकोळच म्हणायचे. खरा खर्च नंतरचा, पाण्यातलं विष काढायचा: ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड, ओझोनची यंत्रणा, सततच्या तपासण्या. हे सगळं नळधारकाच्या बिलातून. शेवाळाला पोसणारा खतातला फॉस्फरस मात्र येतो मुख्यतः सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून, आणि १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टमध्ये (अमेरिकेचा जलप्रदूषणाचा कायदा) शेतातून वाहून जाणाऱ्या पाण्याला परवान्याची अटच नाही. करायचं एकानं, भरायचं दुसऱ्यानं.

'शेतकऱ्यांना दंड करा' हेही मला सरसकट पटत नाही. कुणाच्या शेतातून किती फॉस्फरस गेला, हे मोजणार कोण? २०१९ पासून ओहायो सरकार खत जपून वापरणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देतंय (तेही करदात्याचेच म्हणा). शिवाय सरोवराच्या तळाच्या गाळात मुरलेला फॉस्फरस वर्षानुवर्षं वर येत राहतो, त्यामुळे आज खत कमी केलं म्हणून उद्या शुद्धीकरणाचा खर्च उतरत नाही.