करंट गेला की पंप ‘ऑफलाइन’: मेश, कंपनीचा डबा आणि जुना राउटर एकाच घरात

म्हार्दोळच्या_बाई

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं भूगोल शिकवला. वायफायचं मला जे काही कळतं ते मुलाने पुण्याहून फोनवर ओरडून शिकवलेलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

घर गोव्यात म्हार्दोळजवळ, जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). पुढे सोपा म्हणजे पुढची बैठक, मध्ये राजांगण म्हणजे घरातलं उघडं अंगण, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, त्याखाली उतारावर कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग. कंपनीचा फायबरचा डबा सोप्याच्या कोपऱ्यात आहे, कारण वायर तिथूनच आत आली आणि जोडायला आलेल्या मुलाला दुसऱ्या चिऱ्यात भोक पाडायचा कंटाळा आला. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) मुलगा तीन डब्यांचा मेश घेऊन आला, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे जोडीचे डबे. एक सोप्यात कंपनीच्या डब्याला जोडला, एक राजांगणाच्या ओसरीवर, एक स्वयंपाकघरात. आधीचा राउटर चांगला चालत होता, टाकवेना. भाच्याने तो पडवीत बसवला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यापासून केबल आणून जोडला, कुळागरातल्या पंपापर्यंत रेंज जावी म्हणून. वायफायचं नाव आणि पासवर्डही मेशचाच दिला. “मामी, तुला दोन-दोन लक्षात ठेवायला नको.”

वायफायवर आहेत: दोन कॅमेरे (फाटक आणि राजांगण. सासूबाईंनी आपल्या खोलीत बसवू दिला नाही), पंपाचा स्मार्ट प्लग, गीझरचा प्लग, चार बल्ब, टीव्ही, दोन फोन, एक टॅब आणि बोलणारा स्पीकर, ज्याला सासूबाई ‘तो मेला’ म्हणतात. एकूण तेरा.

आता दुखणं. करंट जाऊन आला, आणि पावसात तो दिवसातून तीनदा जातो, की पुढचा तासभर नुसता गोंधळ. फोनवर रेघा पूर्ण भरलेल्या, पण नेट नाही. पंप ‘ऑफलाइन’. काही वस्तू मग आपोआप येतात, काही प्लग काढून घातल्यावर. दर वेळी वेगळ्या. काल हजर असलेला आज गैरहजर.

दुसरं दुखणं टीव्हीचं. तो अजून कंपनीच्या डब्याच्या जुन्या वायफायवर आहे. चवथीला काढलेले माटोळीचे (गणपतीवर बांधतो त्या फळा-पानांच्या छताचे) फोटो फोनवरून टीव्हीवर दाखवायचे होते, फोनला टीव्ही सापडतच नाही. शेजारी शेजारी ठेवले तरी नाही.

सवयीप्रमाणे मी वही घातली. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी म्हणून आकडा दिसतो, तो लिहीत गेले. नेट चालतं तेव्हा तो १९२.१६८.६८ ने सुरू होतो. रेघा भरलेल्या असून नेट नसतं तेव्हा १९२.१६८.० ने. टीव्हीत पाहिलं तर तिथे १९२.१६८.१. याला काही अर्थ आहे का?

भाचा आता म्हणतो, केबल थेट पंपाच्या खोपीपर्यंत नेऊ, साठेक मीटर होईल. हो म्हणू?

‘बंद करून चालू करा’ कृपया सांगू नका. ते काम आमच्याकडे पाऊस करतो.

पर्वरी_गॅजेट

जुनं-नवं मिसळलं की हेच होणार. सगळं काढा, वायफाय ७ चा नवा सेट घ्या, एका झटक्यात मिटेल.

म्हार्दोळच्या_बाई

बाबा, माझी पेन्शन आहे, खाण नव्हे.

कुडचडे_पॅचकॉर्ड

बाई, नवीन काही घेऊ नका. तुमच्या वहीत उत्तर आहे. फक्त एक सांगा: पडवीतल्या जुन्या राउटरला केबल कुठल्या भोकात घातली आहे? वेगळ्या रंगाचं एकटं भोक असतं त्यात, की एका रांगेतल्या चारांपैकी एकात?

म्हार्दोळच्या_बाई

चारांपैकी एकात. पिवळी आहेत. निळं एकटं आहे ते रिकामं.

कुडचडे_पॅचकॉर्ड

मग चोर सापडला.

घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला, बल्बला, प्लगला कुणीतरी आकडा द्यावा लागतो, आणि ‘बाहेर जायचं दार कुठलं’ तेही सांगावं लागतं. हे काम करणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात. एका नेटवर्कमध्ये हे काम एकानेच करायचं. तुमच्याकडे तिघे करतात. कंपनीचा डबा १ चे आकडे देतो, मेश ६८ चे, आणि जुना राउटर ० चे.

कंपनीचा डबा आणि मेश एकामागे एक आहेत, म्हणून त्यांची थेट मारामारी नाही. टीव्ही पहिल्याच्या अंगणात आणि फोन दुसऱ्याच्या, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत. टीव्ही शोधायला फोन जी हाक मारतो ती आपल्या नेटवर्कच्या कुंपणापलीकडे जात नाही.

जुना राउटर मात्र पिवळ्या भोकातून थेट मेशच्या आतच आला आहे. करंट येतो तेव्हा तो साधा गडी अर्ध्या मिनिटात उभा राहतो. मेशला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात त्या नावाचं वायफाय घरात एकटा तोच दाखवत असतो. बल्ब आणि प्लग त्याला चिकटतात, तो त्यांना ० चा आकडा देतो आणि सांगतो, ‘बाहेर जायचं दार मीच.’ पण त्याचं निळं भोक रिकामं, त्याच्या मागे इंटरनेटच नाही. म्हणून रेघा पूर्ण आणि नेट शून्य. मेश उठल्यावरही दोघे आकडे वाटत राहतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा आकडा लागतो. दर वेळी वेगळी वस्तू गैरहजर राहते ती यामुळेच.

आता करायचं ते या क्रमाने करा, क्रम महत्त्वाचा आहे.

मेशच्या ॲपमध्ये जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. मग तो आकडे देणं सोडतो आणि फक्त वायफाय पसरवतो. मेश तसाच ठेवून कंपनीच्या डब्याला ब्रिज करणं, म्हणजे त्याला नुसता पूल बनवून आकडे वाटणं मेशवर सोडणं, हाही मार्ग आहे, पण त्यासाठी कंपनीकडून युजरनेम-पासवर्ड काढावा लागतो. तुमचा जोडणारा मुलगा पाहता मी त्या फंदात पडणार नाही. ॲक्सेस पॉइंटचा एक तोटा आहे, मेशच्या ॲपमधल्या मुलांवर लक्ष ठेवण्याच्या वगैरे सोयी या मोडमध्ये बऱ्याचदा बंद होतात.

मग ब्राउझरमधून कंपनीच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर जा, आकडे कुठून कुठपर्यंत वाटतो ते बघा. शेवट २०० वर आणून ठेवा. त्याचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि टीव्हीला मेशचं नाव द्या.

शेवटी जुना राउटर. आधी केबल काढा. फोनचा मोबाईल डेटा बंद करून फोन त्याच्या वायफायवर घ्या, १९२.१६८.०.१ उघडा. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० करा. हा २०० च्या पुढचा, म्हणून कंपनीचा डबा तो दुसऱ्या कुणाला देणार नाही. तो पुन्हा चालू होईल, नव्या पत्त्यावर आत जा आणि मग डीएचसीपी बंद करा. उलट केलंत तर तुम्हीच दाराबाहेर राहाल. झालं की केबल पुन्हा पिवळ्यातच घाला, निळ्यात नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असं तयार बटण असेल तर ही सगळी कसरत नको, ते दाबा.

डिचोलीचा_हौशी

वर सांगितलंय ते अगदी बरोबर. त्यात माझी थोडी भर.

स्वस्त प्लग आणि बल्ब यांच्या पोटात बहुधा अशी चिप असते जिला वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच ऐकू येतं. ५ तिच्या कानावर पडतच नाही. ईएसपी८२६६ ही त्यातली प्रसिद्ध. आणि वायफायची सुरक्षा, म्हणजे पासवर्डच्या कुलपाचा प्रकार, फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवू नका, यातले बरेच आत यायला नकार देतात. डब्ल्यूपीए२ ठेवा. मेशच्या ॲपमध्ये ‘फास्ट रोमिंग’ (एका डब्यावरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) असेल तर तेही बंद. फोनला त्याने फरक पडेल न पडेल, जुने प्लग मात्र त्याने बिचकतात.

जुन्या राउटरचं २.४ चं चॅनेल ‘ऑटो’ वरून काढा. मेश १ वर असेल तर याला ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आणि बाई, भाच्याचं मन मोडेल, पण पडवीतल्या वायफायचं नाव वेगळं ठेवा. पंपाच्या प्लगला फिरायचं नसतं, त्याला एकच घर माहीत असलेलं बरं. तुमचा फोनही मग स्वयंपाकघरात उभं राहून पडवीला चिकटून बसणार नाही.

चिऱ्याचं म्हणाल तर, आमचंही घर तसंच आहे. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो, आणि पाण्याला रेडिओ लहरी गिळायची खोड आहे, ५ ची तर जास्तच. भिंत फोडून रेंज जाईल ही आशा सोडा, दारातून जाऊ द्या. सोपा, राजांगण, स्वयंपाकघर यांची दारं जुन्या घरांत बहुतेक एका रेषेत असतात. डबे त्या रेषेत, उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवा. लोखंडी कपाटावर अजिबात नको.

काणकोण_बागायत

वायफायचं मला फार कळत नाही, पण पंप आणि वीज या दोन्हींनी मी हात पोळून घेतले आहेत. ताई, पंप किती एचपी?

म्हार्दोळच्या_बाई

दीड. प्लगवर १६ अँपिअर लिहिलंय, म्हणून भाचा म्हणाला चालेल.

काणकोण_बागायत

चालेल, चालेल, आणि एक दिवस चिकटेल. दीड एचपी म्हणजे साधारण अकराशे वॅट, चालत्या पंपाला १६ अँपिअर खूप झाले. पण मोटर उठताना चालतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. प्लगच्या आतला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, एवढासा. दर वेळी ठिणगी पडून त्याचे पॉइंट जळतात आणि शेवटी एकमेकांना डकतात. माझा डकला. ॲपमध्ये ‘बंद’ दिसत होतं, मी मडगावला लग्नात जेवत होतो, आणि पंप कोरड्या बांयत (विहिरीत) तीन तास फिरत होता. सील गेलं, वाइंडिंग गेलं.

इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच, बसवून घ्या. प्लगने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेतो. पाणी संपल्यावर पंप बंद करणारा ड्राय रनचा संरक्षकही त्याच पेटीत बसतो. आणि ॲपमध्ये ‘करंट परत आल्यावर काय’ अशी सेटिंग असते, ती पंपाला आणि गीझरला ‘बंद’ ठेवा. नाहीतर रात्री दोनला करंट येतो आणि कुळागरात तळं होतं.

साठ मीटर केबलला माझा साफ नकार. लांबी शंभर मीटरच्या आत आहे, तसं ते चालेल. पण उघड्यावरून नेलेली तांब्याची तार म्हणजे विजेला घरात यायचं आमंत्रण. वैशाखातल्या वळवात माडावर वीज पडली, तारेत लाट आली, एका क्षणात स्विच, राउटर आणि टीव्ही तिन्ही गेले. माडालाही काही झालं नाही असं नाही, पण तो परत विकत आणता येत नाही. न्यायचीच असेल तर फायबर न्या, दोन टोकांना दोन कन्व्हर्टर. काचेतून वीज चालत नाही. आधी नुसत्या पडवीतल्या राउटरने भागतं का बघा, बहुतेक भागेल.

म्हार्दोळच्या_बाई

आठ दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाला.

कुडचडेच्या मुला, तुझं लिहिलेलं मी माझ्या भाषेत वहीत उतरवलं: एका वर्गात तीन शिक्षक रोल नंबर वाटत होते, आणि त्यातल्या एकाला शाळेचं फाटक कुठे ते माहीत नव्हतं. त्यानंतर सगळं सोपं गेलं.

मेश एका बटणात झाला. कंपनीच्या डब्याचा पासवर्ड त्याच्या बुडाला चिकटवलेला होता, तो वाचायला भिंग लागलं. जुन्या राउटरचं मात्र मी उलटंच केलं. डीएचसीपी आधी बंद केलं, फोन निघून गेला, आणि पुढे काही उघडेना. टाचणीने मागचं भोक दहा सेकंद दाबून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून केलं. ठळक लिहिलेलं वाचूनही चुकले, वर्गातली मुलं आठवली.

डब्यांच्या जागांसाठी फोन हातात घेऊन घरभर फिरले. सगळ्यात चांगली रेंज देवघराच्या चौकटीवर मिळत होती. सासूबाईंनी ठरवलं की ती तिथे मिळणार नाही. डबा ओसरीच्या खांबावर गेला, राजांगण उघडं असल्यामुळे तिथूनही स्वयंपाकघर नीट सापडतं. पडवीच्या वायफायचं नाव ‘कुळागर’ ठेवलं. भाच्याचं मन मोडलं नाही, त्याला वाटतं कल्पना त्याचीच.

मग मेन स्विच स्वतः पाडला. तीन वेळा, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून, हजेरी घेत. तिन्ही वेळा चार मिनिटांत तेरापैकी बारा हजर, आणि सगळ्यांचे आकडे १९२.१६८.१ चेच. माटोळीचे फोटो टीव्हीवर आले. सासूबाईंनी दोनदा बघितले आणि माटोळीतली कवंडळं (एक रानफळ) उजवीकडे बांधायला हवी होती म्हणाल्या.

केबल रद्द. कॉन्टॅक्टरसाठी इलेक्ट्रिशियन ‘फाल्या’ (उद्या) येतो म्हणालाय, म्हणजे पुढच्या आठवड्यात. तोवर पंप हाताने चालू करते, उतरण-चढण होते, गुडघे बोलतात.

तेरावा म्हणजे पडवीतला बल्ब. तो काही केल्या येत नाही. बाकी तीन आले, हाच का नाही?

डिचोलीचा_हौशी

तो बल्ब पडवीच्या राउटरवर असणार, आणि त्याचं नाव तुम्ही बदललंत. तो अजून जुन्या नावाची वाट बघतोय, आणि ते नाव आता फक्त मेश दाखवतो, जो त्याला पडवीत नीट ऐकू येत नसणार. बटण चालू-बंद असं पाच-सहा वेळा करा, भराभर लुकलुकायला लागला की ॲपमधून नव्याने जोडा. बटणाने नाहीच जमलं तर बल्ब काढून घालावा लागेल.

आणि कंपनीच्या डब्याला राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, ते बघूनच घ्या.

म्हार्दोळच्या_बाई

बटणाने लुकलुकत नाही. शिडी लागेल, आणि शिडीवर चढायला मला मनाई आहे. भाचा शनिवारी येतो. तोवर तो बल्ब भिंतीवरच्या बटणाने लावते.