अभिनयाने तारले ते नेमके कोणाला?

रामबागकर
परवा येथे एका सदस्याने लिहिले, की ‘तीन’ची पटकथा सामान्य असली, तरी अमिताभ, नवाजुद्दीन आणि विद्या बालन यांनी चित्रपट तारला, म्हणून तक्रार करू नये. ही सवलत मला मान्य नाही. २०१६ च्या या चित्रपटाला कथेची वानवा नव्हती; ती २०१३ च्या ‘मोंटाज’ या कोरियन चित्रपटातून आयती मिळाली होती. तरीही आठ वर्षांपूर्वीचे एका आजोबांच्या नातीचे अपहरण आणि आताचे नवे अपहरण जुळवताना कोणता प्रसंग कधी घडला, हेच प्रेक्षकापासून दडवले जाते आणि त्या दडवादडवीला रहस्य म्हणतात. पोलिसाची नोकरी सोडून पाद्री होणे हे केवढे स्थित्यंतर! पटकथा ते उरकून टाकते आणि उरलेले नवाजुद्दीनने चेहऱ्याने भरून काढायचे. गवंड्याने वाकडी बांधलेली भिंत रंगाऱ्याने सरळ करावी, असा हा हट्ट आहे.

जेल रोडची वाचक
काका, नात गमावलेला तो म्हातारा पोलीस ठाण्यात रोज येऊन बसतो, तो प्रसंग तुम्ही पाहिला की घड्याळ पाहिले? माझे वडील निवृत्तीच्या रकमेसाठी येथील एका कचेरीत सहा वर्षे खेटे घालत होते. साहेब दिसताच अर्धवट उठायचे आणि कोणी बघत नाही म्हणून पुन्हा बसायचे, ती अवघडलेली हालचाल मी अमिताभच्या खांद्यांत पाहिली. हे पटकथेने दिलेले नाही.

रामबागकर
ताई, वडिलांविषयी आदरच आहे. पण मग तुम्ही पडद्यावर त्यांना पाहिलेत, चित्रपट पाहिला नाहीत.

जेल रोडची वाचक
हे वाक्य आपण मागे घ्यावे.

जुन्या वाचनालयाचा सभासद
दोघेही चुकता आहात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार या नायकाला कोणता नट तारायला आला होता? कागदावर लेखक एकटा असतो. आजच्या पिढीने वाचनच सोडल्यामुळे कथेची चूक ध्यानात येत नाही. आमच्या वेळी शेवटची पाने फाडून नेणारे महाभाग होते, तरी आम्ही अपराधी ओळखायचो. येथे तर नवे अपहरण आजोबांनीच घडवले, हे मला मध्यंतरातच कळले होते.

रात्रपाळी
सभासद महोदय, मी आज रात्री हा चित्रपट पाहणार होतो. फाटलेल्या पानांचे दुःख सांगणाऱ्यानेच शेवट फोडावा?

जुन्या वाचनालयाचा सभासद
जून २०१६ मध्ये आलेल्या चित्रपटाचे रहस्य किती वर्षे राखायचे, याचा काही नियम आहे काय?

रात्रपाळी
नियम नाही, सभ्यता आहे. आमच्या चाळीतले एक गृहस्थ इंदूरच्या सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खाता खाता प्रत्येक नाटकाचा शेवट सांगत असत. त्यांच्या शेजारी कोणी उभे राहीना. आता मी निदान अभिनयासाठी तरी पाहतो, कारण दुसरे काही आपण उरवलेच नाही.

रामबागकर
शेवट कळल्यावरही पाहावासा वाटतो म्हणता, म्हणजे ताईंच्या बाजूने एक साक्षीदार झाला, अभिनंदन. वडिलांविषयीचे वाक्य मात्र मागे घेतो, ते उद्धट होते. ठाण्यातला तो प्रसंग रविवारी पुन्हा पाहीन. त्यापुढचा चित्रपट पाहण्याची सक्ती नसावी.

जेल रोडची वाचक
सक्ती नाही. पण बसलातच, तर खांद्यांकडे पाहा.