मदत हवी आहे: एनईएसचा मूळ वायरवाला कंट्रोलर घरच्या घरी वायरलेस करायचाय

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निन्टेन्डोचा एनईएस (टीव्हीला लावायचा जुना गेम कन्सोल) आणि त्याचे दोन मूळ कंट्रोलर आहेत. सगळं चालू स्थितीत. टीव्ही मोठा आला तसा सोफा मागे सरकला आणि आता वायर तिथवर पोचत नाही. एक्स्टेन्शन केबल लावली, पण ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते आणि हिसका बसला की कन्सोलच टेबलावरून खाली यायला बघतो.

तयार ब्लूटूथ कंट्रोलर सुचवू नका प्लीज, ते वापरून झालेत. मला हाच चौकोनी ठोकळा हातात हवाय, कोपरे टोचले तरी.

कंट्रोलर उघडून बघितला. आत एकच चिप आहे, ४०२१. वायरी पाच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. मला समजलं ते असं: कन्सोल लॅचवर पल्स देतो तेव्हा चिप आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती पकडून ठेवते. मग क्लॉकच्या प्रत्येक पल्सला एकेक बटण डेटा लाइनवर येतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. बटण दाबलेलं असेल तर लाइन लो.

माझा बेत: कंट्रोलरमध्ये एक ईएसपी३२ (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि लहान लिथियम बॅटरी, कन्सोलच्या पोर्टला दुसरा ईएसपी३२, दोघांत ईएसपी-नाऊ (राउटरशिवाय दोन ईएसपींनी थेट बोलायची पद्धत). सोल्डरिंग बरं येतं, कोडिंग कामापुरतं. विचारायचं ते असं, की कंट्रोलरची चिप ५ व्होल्टची आणि ईएसपी ३.३ चा, तर मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवणारं सर्किट) लागेल का? बटण दाबल्यावर उडी उशिरा पडेल का? आणि बॅटरी किती तास पुरेल? यातलं कोणी केलं असेल तर सांगा.

तारतोड्या:
सगळ्यात आधी मूळ वायर कापू नका!! एक्स्टेन्शन केबल आहेच तुमच्याकडे, ती मधोमध कापा. एका टोकाला कन्सोलचा प्लग मिळेल, दुसऱ्या टोकाला कंट्रोलरचं सॉकेट. ट्रान्समीटर कंट्रोलरच्या आत न घालता आधी बाहेर डबीत ठेवून चालवा, आवडलं तरच आत बसवा. आणि केबलच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते मल्टिमीटरने बीप करून बघा. एक्स्टेन्शनवाले हाताला लागेल त्या रंगाची तार टाकतात.

डेटाशीटप्रेमी:
लेव्हल शिफ्टरचं आधी. सीडी४०२१ ही चिप ३ ते १५ व्होल्टवर चालते. कंट्रोलरला सरळ ३.३ द्या, डेटाही ३.३ चाच येईल. या बाजूला शिफ्टर नको.

खरी मेख कन्सोलच्या बाजूला आहे. कंट्रोलरकडे तुम्ही तुमच्या सवडीने क्लॉक देता, पण तिकडे क्लॉक कन्सोल देतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. लॅचची पल्स साधारण १२ मायक्रोसेकंदांची असते. ईएसपी रेडिओच्या कामात गुंतलेला असताना इंटरप्ट ('हातचं काम सोडून इकडे बघ' हा इशारा) जरा उशिरा पोचला की एक बिट सरकतो, आणि 'उजवं' दाबलं असताना गेमला 'डावं' दिसतं. असे घोळ रोज होत नाहीत, पण होतात तेव्हा पत्ता लागत नाही की कोड चुकला, वायर सैल आहे की रेडिओ गंडला.

म्हणून कन्सोलला उत्तर द्यायचं काम मायक्रोकंट्रोलरला देऊच नका. एखाद्या मेलेल्या कंट्रोलरचा बोर्ड घ्या, वायर तुटलेला, बटणं झिजलेला, कसाही, फक्त चिप जिवंत हवी. तो कन्सोलला लावा. त्यावर प्रत्येक बटणाचे दोन पट्टे असतात, एक ग्राउंड आणि दुसरा चिपच्या पायाला जाणारा. बोट रबर दाबून हे दोन जोडतं, तेच काम आता यूएलएन२८०३ ने (ट्रान्झिस्टर स्विचची चिप) करायचं. त्यात आठ चॅनेल असतात आणि तुमची बटणंही आठच. ईएसपीची पिन हाय झाली की तो चॅनेल बटणाची लाइन ग्राउंडला ओढतो. ईएसपीचे ३.३ व्होल्ट त्याच्या इनपुटला पुरतात आणि बोर्डाचे ५ व्होल्ट ईएसपीच्या पिनपर्यंत येत नाहीत. लॅच आणि क्लॉकला उत्तर पूर्वीसारखं ४०२१ च देते, त्यामुळे कन्सोलला काही वेगळं झाल्याचा पत्ताही नसतो.

पाठवतानाही एक पथ्य. 'ए दाबलं', 'ए सोडलं' असे निरोप पाठवू नका. दर ४ मिलिसेकंदांनी आठही बटणांची पूर्ण स्थिती एका बाइटमध्ये पाठवत राहा. एखादं पॅकेट हरवलं तर पुढचं भरून काढतं. उलट 'सोडलं' हा निरोपच हरवला तर तुमचा गडी धावत जाऊन खड्ड्यात पडणार. आणि रिसिव्हरला शंभरेक मिलिसेकंद काहीच आलं नाही तर सगळी बटणं सुटलेली धरायची, हे कोडमध्ये पहिल्या दिवशीच लिहा.

उशिराची काळजी नको. गेमची एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची आणि रेडिओमुळे फार तर ४-५ ची भर. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर त्याने याहून जास्त खाल्लेले असतात, आधी तो चालू करा.

आळशी_गेमर:
एवढा खटाटोप? जुन्या कन्सोलला ब्लूरेट्रोसारखा अॅडॉप्टर लावा, कुठलाही ब्लूटूथ पॅड जोडा, संध्याकाळपर्यंत खेळायला बसाल. मूळ खोकाच हवा असेल तर ८बिटडू कंपनीचं मॉड किट असतं, जुना बोर्ड काढून त्यांचा बसवायचा. सोल्डरिंगही नाही.

धागाकर्ता:
@आळशी_गेमर, किट माहीत आहे. पण मूळ बोर्ड काढून ठेवायचा तर मग करायची मजा काय राहिली :)

@डेटाशीटप्रेमी, मेलेल्या बोर्डाची युक्ती भारीच. माझ्याकडे एक नकली कंट्रोलर पडून आहे, आत चिपऐवजी नुसता काळा ठिपका आहे. तो चालेल? आणि बॅटरीचं कोणीच बोललं नाही.

मिलिअँपिअर:
बॅटरीचं मी सांगतो. ईएसपी३२ चा वायफाय सतत चालू ठेवलात तर शंभरेक मिलिअँपिअर धरा. ५०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी चार-पाच तासांत खलास. त्यापेक्षा ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड) आणि एनआरएफ२४एल०१ प्लस हे रेडिओ मॉड्यूल घ्या. हा रेडिओ पाठवताना ११-१२ मिलिअँपिअर घेतो आणि तेही क्षणभर. प्रो मिनीवरचा पॉवर एलईडी काढला तर सरासरी १० धरायला हरकत नाही, म्हणजे तीच बॅटरी चाळीसेक तास. रेडिओच्या पायाशी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच, निम्म्या लोकांचा 'मॉड्यूल खराब निघाला' तिथेच बरा होतो.

रिसिव्हरला ५ व्होल्टचा प्रो मिनी घेतलात तर यूएलएनसुद्धा नको. पिन थेट बोर्डाच्या बटणाला: दाबलं तर आउटपुट लो, सोडलं तर पिन इनपुट करून मोकळी. फक्त रेडिओला ३.३ वेगळे द्या, त्याचे इनपुट ५ व्होल्ट सोसतात.

रेग्युलेटर (बॅटरीचं व्होल्टेज ३.३ वर आणणारी चिप) बघून घ्या. एएमएस१११७ लावू नका, त्याला आपल्यासाठीच व्होल्टभर लागतो, बॅटरी ३.७ वर आली की पुढे २.६ च उरतात. एमसीपी१७०० लावा.

चार्जिंगला टीपी४०५६ ची पाटी ठीक, पण प्रोटेक्शनवालीच. तिच्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १ अँपिअर. छोट्या बॅटरीला ते फार झालं. तो काढून ५ किलोओहमचा लावा, साधारण २५० मिलिअँपिअर मिळतील. चार्जिंग चालू असताना खेळायचं नाही. भार जोडलेला राहिला तर चार्ज पूर्ण झाल्याचं चिपला नीट कळत नाही. आणि खोक्यात बॅटरी बसवताना स्क्रूचे खांब बघा. बॅटरी खांबावर दाबून झाकण आवळलंत तर ती फुटेल, आणि लिथियम फुटली की नुसता कंट्रोलर जाऊन भागत नाही.

डेटाशीटप्रेमी:
मिलिअँपिअर यांच्याशी सहमत, ५ व्होल्टचा प्रो मिनी जास्त सुटसुटीत. काळा ठिपकाही चालेल, त्याखालची चिप तीच कामं करते. फक्त बटणाचा एक पट्टा खरंच ग्राउंडला जातो का ते बीप करून बघा, आणि बटण न दाबता दुसऱ्या पट्ट्यावर ५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

धागाकर्ता:
बघितलं. ग्राउंड बरोबर आहे. सात बटणांवर ४.९ दिसतात, सिलेक्टवर मात्र १.८.

डेटाशीटप्रेमी:
सिलेक्टचा पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जुन्या रबराची काजळी बसली असणार. तरी १.८ च राहिले तर त्या लाइनवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर टाका.