१८०० ची निवडणूक नासवली कोणी?

पारावरचा:
वॉशिंग्टनने १७९६ मध्ये पक्षबाजीविरुद्ध दिलेला इशारा कोणी मनावर घेतला नाही, म्हणूनच १८०० ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक नासली, असे काल इथे ठासून लिहिले गेले. नासवली ती घटनेने. निर्वाचकाने, म्हणजे राज्यातर्फे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधीने, दोन मते द्यायची; सर्वाधिक मतांचा तो अध्यक्ष, त्याखालचा उपाध्यक्ष. पण अध्यक्षासाठी कोणते आणि उपाध्यक्षासाठी कोणते हे सांगायचे नाही. मग जेफरसन (अध्यक्षपदासाठी) आणि बर (उपाध्यक्षपदासाठी) हे एकाच, रिपब्लिकन (आजचा नव्हे) पक्षाचे दोघे ७३-७३ वर अडकले, तर दोष पक्षाचा कसा?

तिरकस:
काल ते मीच लिहिले होते. बरचे एक मत दुसरीकडे वळवायला रिपब्लिकनांना कोणी अडवले होते? विरोधी फेडरलिस्ट पक्षाने त्याच नियमांत ऱ्होड आयलंडचे एक मत तिसऱ्याच, जॉन जे यांना देऊन आपल्या दोन उमेदवारांत अ‍ॅडम्स (अध्यक्षपदासाठी) ६५, पिंकनी (उपाध्यक्षपदासाठी) ६४ असे अंतर राखले. आंधळी पक्षशिस्त नडली, दुसरे काही नाही.

न्यू जर्सीकर:
मूळ पाप दोघेही टाळत आहात. मताचा हक्क नसलेल्या गुलामांची लोकसंख्येत तीन-पंचमांश गणती (दर पाचांमागे तीन) करून दक्षिणेने जादा निर्वाचक मिळवले. ते वजा केले तर अ‍ॅडम्स जिंकतो.

पारावरचा:
आणि पेनसिल्व्हेनिया? तिथल्या सेनेटमध्ये फेडरलिस्ट अडून बसले, म्हणून राज्याची मते जेफरसनला ८, अ‍ॅडम्सला ७ अशी वाटावी लागली. वजाबाकी करायचीच असेल तर दोन्हीकडची करा.

न्यू जर्सीकर:
माणसांची गणती आणि सेनेटमधला डावपेच एकाच तराजूत तोलता? धन्य आहे!

गच्चीवरून:
शिस्त नसली की काय होते, ते १७९६ मध्ये दिसले: अध्यक्ष अ‍ॅडम्स, उपाध्यक्ष त्यांचा विरोधक जेफरसन. आमच्या सोसायटीत पॅनेलविना निवडणूक झाली, तेव्हा अध्यक्ष एका गटाचा आणि खजिनदार दुसऱ्या गटाचा आला. धनादेशावर दोघांच्या सह्या लागत असल्याने गच्चीवरची टाकी तीन महिने गळत राहिली आणि चौथ्या मजल्यावर आम्ही बादल्या लावत बसलो.

तिरकस:
आपल्या बादल्यांबद्दल सहानुभूती आहे. पण बरोबरी झाल्यावर निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, तिथे प्रत्येक राज्याला एक मत आणि बहुमताला नऊ राज्ये लागत; तिथे ३५ फेऱ्या जेफरसनला नववे राज्य मिळू दिले नाही, तेही पॅनेलवाल्यांनीच, म्हणजे फेडरलिस्टांनीच.

पारावरचा:
छत्तिसाव्या फेरीत डेलावेअरच्या एकुलत्या एक प्रतिनिधीने, जेम्स बेयर्डने, कोरे मत टाकून वाट मोकळी केली. तोही फेडरलिस्टच होता.

तिरकस:
बरे, एक फेडरलिस्ट शहाणा निघाला, एवढे मान्य. उरलेल्या ३५ फेऱ्या माझ्या खात्यावर लिहा.

न्यू जर्सीकर:
तीन-पंचमांशाचे उत्तर अजून आलेले नाही.