पगारातून व्हीपीएफ (नेहमीच्या पीएफवर स्वेच्छेने कापून घेतलेला जादा पीएफ) कापला जातोय, पण पासबुकात चढत नाही. पैसे नेमके कुठे अडकतात?

कपातखाते

नेहमीच्या पीएफशिवाय एप्रिलपासून दरमहा ५,००० रुपये व्हीपीएफ कापायला लेखी दिलं आहे. बेसिक आणि डीए मिळून तेव्हा ४०,००० होते, जूनमध्ये ४२,००० झाले. कंपनी पीएफ पूर्ण बेसिकवर भरते, १५,००० च्या मर्यादेवर नाही.

पगाराच्या स्लिपवर: एप्रिल आणि मे, पीएफ ४,८०० आणि व्हीपीएफ ५,०००. जून ते नोव्हेंबर, पीएफ ५,०४० आणि व्हीपीएफ ५,०००.

पासबुकात: एप्रिल आणि मे, कर्मचारी हिस्सा ९,८००. जूनपासून कर्मचारी हिस्सा फक्त ५,०४०, मालकाचा हिस्सा ३,७९०, पेन्शन १,२५०.

म्हणजे सहा महिन्यांचे ३०,००० दिसत नाहीत. एचआरचं उत्तर: "पीएफ ऑफिसकडून व्हीपीएफ अपडेट व्हायला वेळ लागतो." हे खरं असू शकतं का? थेट पीएफ कार्यालयात तक्रार करावी की आधी आणखी काही तपासावं?

चलनकारकून

नाही, हे उत्तर टिकत नाही. पासबुकाला उशीर होतो, पण तेव्हा त्या महिन्याची अख्खी ओळच येत नाही. ५,०४० आले आणि ५,००० मागून येतायत, असं होऊच शकत नाही, कारण पीएफ कार्यालयाला व्हीपीएफ वेगळा कळतच नाही.

कंपनी दर महिन्याला ईसीआर नावाची फाइल चढवते. त्यात प्रत्येक सभासदाची एक ओळ असते: यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफचं वेतन, पेन्शनचं वेतन, ईडीएलआयचं (पीएफशी जोडलेल्या विम्याचं) वेतन, मग कर्मचाऱ्याचा पीएफ, पेन्शनचा हिस्सा, मालकाचा उरलेला हिस्सा, बिनपगारी दिवस आणि अग्रिमाची परतफेड. व्हीपीएफसाठी स्वतंत्र रकाना नाही. तो कर्मचाऱ्याच्या पीएफच्या रकान्यातच मिसळून जातो. तुमच्या ओळीत तिथे १०,०४० हवे होते, फाइलमध्ये ५,०४० गेले. पासबुक म्हणजे त्या ओळीचा आरसा.

ज्यांना आपला व्हीपीएफ पासबुकात कुठे शोधायचा हे कळत नाही, त्यांच्यासाठी सोपा ताळा: कर्मचारी हिस्स्यातून मालकाचा हिस्सा आणि पेन्शन दोन्ही वजा करा. उरेल तो व्हीपीएफ. एप्रिलचं बघा: ९,८०० वजा ३,५५० वजा १,२५०, बरोबर ५,०००. जूनचं: ५,०४० वजा ३,७९० वजा १,२५०, शून्य. ज्यांना पेन्शन योजना लागूच नाही, त्यांच्या पेन्शनच्या रकान्यात शून्य असतं आणि मालकाचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जातात, तरी ताळा तोच. फक्त कंपनी स्वतःचा हिस्सा १५,००० वर आणि तुमचा पूर्ण बेसिकवर कापत असेल, तर हा ताळा चालणार नाही.

आता जूनच का? पगारवाढीचा महिना आहे म्हणून. वाढ टाकली की पगाराचं सॉफ्टवेअर पीएफ नव्याने मोजतं: वेतन गुणिले १२ टक्के. ईसीआरची फाइल या मोजलेल्या आकड्यावरून तयार होत असेल आणि व्हीपीएफ आधी हाताने भरलेला असेल, तर तो इथे पुसला जातो. स्लिपवरची कपात दुसऱ्या तक्त्यातून येते, त्यामुळे स्लिप बरोबर आणि फाइल चूक. असं झालं असेल तर व्हीपीएफवाले सगळेच अडकलेले असतात, तुम्ही एकटे नाही. शेजारच्या टेबलावर विचारून बघा, पाच मिनिटांत निदान होतं.

एचआरकडे नाही, पगार विभागाकडे दोन गोष्टी मागा: जून ते नोव्हेंबरच्या ईसीआरमधली फक्त तुमची ओळ, आणि त्या त्या महिन्याच्या चलनाचा (पैसे भरल्याच्या कागदाचा) टीआरआरएन क्रमांक. इतरांची माहिती गोपनीय आहे म्हणतील. ठीक आहे, बाकीच्या ओळी झाकून द्या म्हणा.

ताळेबंद

वरच्या उत्तरात एक भर. ओळ हातात आली की चलनाची एकूण रक्कमही जुळवायला सांगा. कर्मचाऱ्यांचा आणि मालकाचा पीएफ दोन्ही चलनातल्या खाते क्रमांक १ मध्ये जातात. त्या महिन्याच्या पगारपत्रकातली पीएफ आणि व्हीपीएफची एकूण कपात, अधिक मालकाचा पीएफ, म्हणजे खाते १ ची रक्कम. चलन कमी असेल तर पैसे कंपनीकडेच पडून आहेत, बहुधा "देय पीएफ" खात्यात शिल्लक दिसत असतील. चलन बरोबर असेल तर तुमचे ५,००० दुसऱ्या कोणाच्या ओळीत गेलेत. ही दुसरी भानगड क्वचित होते, पण निस्तरायला जास्त त्रासदायक, कारण तिथे दुसऱ्याच्या खात्यातून काढून तुमच्या खात्यात घालायचं असतं.

ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापना, म्हणजे तुमची कंपनी, शोधली की कोणत्या महिन्याचं चलन कधी जमा झालं, एकूण रक्कम किती आणि सभासद किती, हे कोणालाही बघता येतं. चलन भरलंच नाही की भरलं पण कमी, एवढा फरक तिथे लगेच कळतो.

आणि पासबुक उघडताना वरच्या यादीतले सगळे मेंबर आयडी (प्रत्येक नोकरीचा वेगळा पीएफ खाते क्रमांक) बघा. समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत बदली झाली की आयडी बदलतो. जुन्याकडे बघून "जमा नाही" म्हणणारे बरेच असतात. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ईपीएफओच्या पासबुकात पीएफ शोधणंच व्यर्थ, तिथे ट्रस्टचा उतारा मागायचा. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही.

सरळमार्गी

एवढं कशाला? व्हीपीएफ ऐच्छिक असतो. कायद्याने कंपनीवर फक्त १२ टक्क्यांचं बंधन आहे. भरला नसेल तर पुढच्या पगारात परत मागून घ्या आणि विषय संपवा.

ताळेबंद

ऐच्छिक आहे तो कापायला सांगेपर्यंत. कंपनीला त्यावर स्वतःची भर घालायची सक्ती नाही, इतपत तुमचं बरोबर. पण एकदा पगारातून कापला की ती रक्कम कंपनीची राहत नाही. भविष्य निर्वाह निधी योजना १९५२, परिच्छेद ३२ प्रमाणे कापलेली रक्कम भरण्यासाठी मालकाकडे सोपवलेली मानली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ च्या स्पष्टीकरणातही पीएफची कपात करून न भरणं हे विश्वासघाताच्या व्याख्येत आणलं आहे.

अकाउंट्सवाल्यांना मात्र फौजदारी कलमापेक्षा आयकर लवकर समजतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या नियमाने कर्मचाऱ्यांकडून पीएफसाठी घेतलेली रक्कम मुदतीत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, भरली नाही तर ती कंपनीच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिची वजावट मिळत नाही. विवरणपत्राच्या तारखेआधी भरली तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ ऑक्टोबर २०२२ च्या चेकमेट निकालाने हे पक्कं केलं. हा मुद्दा एका ओळीत ईमेलमध्ये टाका, फाइल हलते.

पैसे परत घेण्यातला धोका वेगळाच आहे. पगार विभाग ते ३०,००० "इतर मिळकत" म्हणून स्लिपवर टाकतो आणि त्यावर पुन्हा टीडीएस कापतो. नव्या करप्रणालीत तुम्ही त्या पैशांवर आधीच कर भरलेला असतो, म्हणजे तोच कर दोनदा. जुन्या प्रणालीत असाल तर ८०सी मध्ये तेवढी रक्कम कमी करावी लागते, नाहीतर फॉर्म १६ मध्ये न भरलेल्या पैशांची वजावट दिसते. परत घ्यायचेच असतील तर उणे कपात म्हणून दाखवायला सांगा, मिळकत म्हणून नाही.

कपातखाते

ओळ मिळाली. सहाही महिने १०,०४० ऐवजी ५,०४० आहेत आणि चलनंही तेवढ्यानेच कमी आहेत. आणखी चार जणांचं असंच झालं आहे. आता पगार विभाग म्हणतो की डिसेंबरच्या ईसीआरमध्ये नेहमीच्या रकमेवर ३०,००० जास्त टाकून देतो, शेवटी बेरीज तीच. हे मान्य करावं का?

चलनकारकून

बेरीज तीच, पण महिने चुकीचे. डिसेंबरच्या ओळीत तुमचा हिस्सा ४०,०४० होईल. वेतन ४२,०००, व्हीपीएफ धरून हिस्सा वेतनाच्या १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तुमची फाइल कदाचित अडणारही नाही. तेच कोणाचं बेसिक ३५,००० असेल तर अडेल.

तुमचं नुकसान किती ते बघू. व्याज जमा झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्यापासून मोजतात. जूनचे पैसे जुलैत जमा व्हायचे, ऑगस्टपासून व्याज. डिसेंबरच्या चलनातून आले तर जानेवारीत जमा, फेब्रुवारीपासून व्याज. म्हणजे जूनच्या ५,००० वर सहा महिने गेले, जुलैच्यावर पाच, असं करत नोव्हेंबरच्यावर एक. एकूण २१ महिने. २०२४-२५ चा ८.२५ टक्के दर धरला तर ५,००० गुणिले २१ गुणिले ०.६८७५ टक्के, सुमारे ७२२ रुपये.

रक्कम किरकोळ आहे हे मी कबूल करतो. तरीही महिनावार भरायलाच सांगा. डिसेंबरच्या ओळीत एकदम मोठा आकडा दिसला की तो मागच्या कपातीचा आहे याची कुठेच नोंद राहत नाही. पाच वर्षांनी नोकरी सोडून हिशेब मागाल तेव्हा जून ते नोव्हेंबर "व्हीपीएफ शून्य" असंच दिसेल. शिवाय चुका आर्थिक वर्ष ओलांडून गेल्या तर दुसरी अडचण: वर्षाला २,५०,००० च्या वर स्वतःचा हिस्सा गेला की वरच्या भागाचं व्याज करपात्र होतं. तुमचा यंदाचा हिस्सा सगळं भरलं तरी १,२०,००० च आहे, तुम्हाला भीती नाही. पण ज्यांचा व्हीपीएफ मोठा आहे त्यांचे दोन वर्षांचे पैसे एका वर्षात आले तर मर्यादा ओलांडली जाते.

कंपनी टाळाटाळ का करते तेही सांगतो. मागच्या महिन्याच्या नावावर भरलं की उशिराचं वार्षिक १२ टक्के व्याज लागतं आणि जून २०२४ पासूनच्या दराने दरमहा १ टक्का दंड. ३०,००० साठी दोन्ही मिळून साधारण दोन हजार. पैशांपेक्षा चूक कागदावर येते, ती नको असते. डिसेंबरमध्ये घुसडलं की काहीच दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या वेतन महिन्यापासून ईसीआरमध्ये नियमित, पुरवणी आणि सुधारित असे विवरणपत्राचे तीन प्रकार आहेत. पुरवणी सुटलेल्या सभासदांसाठी. तुमचं नाव सुटलेलं नाही, आकडा चुकला आहे, म्हणून सुधारितची मागणी करा. त्याआधीच्या महिन्यांचा फरक थकबाकीच्या चलनाने भरतात.

अर्जदार

ईमेल लांबलचक लिहू नका. असा चालेल:

"माझा यूएएन अमुक. जून ते नोव्हेंबर या सहा वेतन महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा ५,०४० पीएफ आणि ५,००० व्हीपीएफ कापला आहे. ईसीआरमध्ये दरमहा ५,०४० भरले आहेत. दरमहा ५,०००, एकूण ३०,००० रुपये बाकी आहेत. ही रक्कम त्या त्या वेतन महिन्याच्या नावे भरून टीआरआरएन क्रमांक १५ दिवसांत कळवावेत."

सोबत सहा स्लिपा, पासबुकाची पीडीएफ आणि व्हीपीएफ सुरू करायला दिलेलं पत्र. पत्र नसेल तर त्याची ईमेल. हे पत्र नसलं की "तुम्ही जूननंतर व्हीपीएफ बंद केला होता" असं उत्तर येतं, मग स्लिपवरची कपात दाखवून भांडत बसावं लागतं. तुमच्या कंपनीच्या पोर्टलवरच्या स्लिपा आजच उतरवून घ्या, नोकरी सुटली की लॉगिन बंद होतं.

१५ दिवसांत काही झालं नाही तर ईपीएफआयजीएमएस (ईपीएफओचं तक्रारींचं संकेतस्थळ) वर तक्रार. यूएएन टाकून ओटीपीने आत जा, योग्य मेंबर आयडी निवडा. तिथल्या बहुतेक तक्रारी "मालकाशी संपर्क साधा" म्हणून बंद होतात, कारण लिहिणारा "व्हीपीएफ दिसत नाही" एवढंच लिहितो. "वेतनातून कपात केली, भरणा केला नाही" असं लिहा, महिना आणि रक्कम द्या, आणि मालकाला पाठवलेली ईमेल पीडीएफ करून जोडा. पाचही जणांनी वेगवेगळी तक्रार करा, प्रत्येकाने आपल्या यूएएनवरून. त्यानेही भागलं नाही तर सीपीग्राम्स (केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल), किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला होणाऱ्या "निधी आपके निकट" या पीएफ कार्यालयाच्या मेळाव्यामध्ये कागद घेऊन समोर बसा.

मधल्या काळात नोकरी बदलली तर पीएफ नव्या खात्यात वळवायची घाई करू नका. आधी वळवला आणि मग कंपनीने फरक भरला, तर तो जुन्या मेंबर आयडीत एकटा पडून राहतो आणि त्याच्यासाठी पुन्हा वेगळा ट्रान्सफरचा अर्ज करावा लागतो.

कपातखाते

ईमेल पाठवली. भरल्यावर पासबुकात नेमकं काय दिसायला हवं?

चलनकारकून

जूनची जुनी ओळ बदलणार नाही. ५,०४० ची तशीच राहील आणि आणखी एक ओळ येईल. तिच्यावर व्यवहाराची तारीख आत्ताची असेल, पण वेतन महिना ("वेज मंथ") जूनच हवा, कर्मचारी हिस्सा ५,०००, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन शून्य. अशा सहा ओळी. मालकाच्या रकान्यात काही आकडा दिसला तर फाइल पुन्हा चुकली आहे. वर्षअखेरचं व्याज लागल्यावर एकदा परत उघडून बघा, आणि डिसेंबरच्या ओळीत १०,०४० आहेत ना हे आधी बघा, कारण मागचा फरक भरला तरी सॉफ्टवेअरमधली मूळ चूक तशीच राहिलेली असू शकते.